वणव्यापूर्वींची जाळरेषा : स्वयंसेवकांनीं करावयाची तयारी

माघ महिना लागला म्हणजे सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील आमच्या डोंगरपट्ट्यांत गवताचा रंग पालटतो. कार्तिकांत कमरेइतकें वाढलेलें हिरवें गवत वाळून पिवळें पडतें, पायाखालीं वाजूं लागतें, आणि मग वाटेवर टाकलेलें विडीचें एखादें थोटूकहि डोंगराची अख्खी एक बाजू रात्रींतून काळी करण्यास पुरेसें होतें. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ महाराष्ट्रांत वनखातें आगीचा हंगाम मानतें, व तो सुरू होण्यापूर्वीं वनांच्या हद्दींवर जाळरेषा काढून पुऱ्या कराव्या असा परिपाठ आहे. ह्या कामीं आमच्या गांवचे कांहीं शेतकरी, तरुण मुलें व बचतगटांतील भगिनी स्वयंसेवक म्हणून वनरक्षकांबरोबर जात असतात. महसूल खात्यांतील कारकुनीवरून मुदतीपूर्वीं निवृत्ति घेऊन गांवीं परतल्यापासून आम्हीहि त्यांत आहों.

पुष्कळ शेतकरी बंधु आम्हांस विचारतात कीं, "आग लावावयास तयारी ती कसली? काडी ओढली कीं काम झालें." प्रश्न स्वाभाविक आहे, कारण बांध जाळणें, भाताची दाढ भाजणें, उसाचें पाचट पेटविणें हीं कामें शेतकऱ्याच्या हातचींच. परंतु ज्यांनीं एकदां तरी आपल्या हातची आग हाताबाहेर जातांना पाहिली आहे, ते हा प्रश्न विचारीत नाहींत. आम्हीं ती पाहिली आहे, व ती हकीकत पुढें येईलच. ह्या लेखांत सांगावयाचें तें एवढेंच कीं, जाळरेषेच्या कामांत आग लावणें हा सर्वांत लहान भाग होय. तिच्या आधींची तयारी व तिच्या मागाहूनची राखण हेंच खरें काम होय.

जाळरेषा म्हणजे काय

आगीस तीन गोष्टी लागतात : जळण, हवा व उष्णता. पैकीं वारा व ऊन माणसाच्या स्वाधीन नाहींत. जळण मात्र आहे. वणवा ज्या वाटेनें येण्याचा संभव, त्या वाटेवरील जळण आपणच आधीं, आपल्या सोयीच्या वेळीं व जाणत्यांच्या देखरेखीखालीं नाहींसें करून ठेवलें, तर वणवा त्या उघड्या पट्ट्यापाशीं येऊन थांबतो, निदान मंदावतो व माणसांस आटोपतो. अशा पट्ट्यास जाळरेषा म्हणतात. तिची रुंदी जागा पाहून वनखातें ठरवितें. आमच्या गांवच्या हद्दीवर ती ६ मीटर धरलेली आहे.

परदेशांतहि ही विद्या निराळ्या रूपानें चालते. अमेरिकेंत कित्येक ठिकाणीं माळ व अरण्यें ठरवून जाळतात, व त्या जाळास तिकडे जें नांव आहे त्याचा अर्थ 'लिहून दिलेला जाळ' असा होतो. वैद्य जशी औषधाची चिठ्ठी लिहून देतो तसा. वारा किती असावा, हवेंत ओल किती असावी, उष्णमान किती असावें, माणसें व पाणी किती असावें, हें आधीं कागदावर लिहितात. ठरल्याहून एकहि गोष्ट निराळी दिसली तर त्या दिवशीं जाळ करावयाचा नाहीं असा नियम असतो. त्या देशांत सन १९१० च्या मोठ्या वणव्यांनंतर सरकारनें अनेक वर्षें प्रत्येक आग विझविण्याचें धोरण धरिलें. त्याचा परिणाम असा झाला कीं, अधूनमधून पाचोळा खाऊन जाणारी लहान आग बंद पडली, जळण वर्षानुवर्षें सांचलें, व पुढें लागलेल्या आगी अधिक भयंकर होऊं लागल्या. म्हणून आतां तेथें जाणत्या माणसांच्या हाताखालीं स्वयंसेवकांचीं पथकेंहि हें काम करितात.

मात्र तेथलें पाहून आपला डोंगर पेटवूं नये. 'डोंगर जाळला कीं गवत चांगलें येतें' ही समजूत आमच्याकडे फार जुनी आहे, व कित्येक वणवे तिच्यापायींच लागतात. जळलेल्या जागीं हिरवा कोंब लवकर डोळ्यांत भरतो हें खरें. परंतु वर्षानुवर्षें जाळण्यानें माळ कुसळी गवताच्या स्वाधीन होतो. कुसळीचें बीं आपल्या पीळदार कुसळाच्या योगें जमिनींत शिरून बसतें व आगींतून वांचतें; मारवेल, शेडा ह्यांसारखीं जनावरांस मानवणारीं गवतें मागें पडतात. गवतांतील नत्र धुराबरोबर उडून जातें, आणि उघड्या उतारावरील राख व माती पहिल्या पावसांत ओढ्यास मिळते. तेव्हां जाळरेषा काढणें म्हणजे डोंगर जाळणें नव्हे. एक पट्टा जाळून बाकीचा डोंगर राखणें होय.

अधिकार कोणाचा

आमचा जन्म कागदपत्रांत गेला असल्यामुळें हा भाग आम्ही आधीं सांगतों. राखीव वनास आग लावणें, किंवा नियम मोडून त्यास धोका पोंचेल अशा रीतीनें विस्तव पेटविणें अथवा पेटता सोडून जाणें, हा भारतीय वन अधिनियम, १९२७ ह्याच्या कलम २६ अन्वयें गुन्हा आहे. त्याच कलमांत असेंहि आहे कीं, आग जाणूनबुजून अथवा घोर निष्काळजीपणानें लागली असेल, तर त्या वनांतील चराईचे व वनोपजाचे हक्क सरकार कांहीं काळ बंद करूं शकतें. म्हणजे एकाच्या काडीचा दंड साऱ्या गांवच्या गुरांना. उलट कलम ७९ अन्वयें, ज्यांना वनांत असे हक्क आहेत त्यांनीं आगीची खबर देणें व ती विझविण्यास साहाय्य करणें हें त्यांचें कर्तव्य ठरविलें आहे.

सारांश, जाळरेषा स्वतःच्या मनानें कोणींहि जाळूं नये. वनरक्षक किंवा वनपाल समक्ष हजर असावा, आदेश त्याचा असावा, व स्वयंसेवकांनीं त्याच्या हाताखालीं काम करावें. गांवांत संयुक्त वन व्यवस्थापन समिति असल्यास तिच्या सभेंत दिवस, जागा व माणसें ह्यांची नोंद करावी. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही सरकारी संस्था सन २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्यानें वनांतील आगींवर नजर ठेवून आहे, व आगीची खबर मोबाईलवर धाडते. आपली आगहि आकाशांतून दिसूं शकते. तिची पूर्वसूचना कार्यालयांत नोंदलेली असली म्हणजे विनाकारण धांवपळ होत नाहीं.

आमची एक चूक

सन २०११ च्या मार्च महिन्यांतील एका रविवारीं आम्ही नोकरीच्या गांवाहून घरीं आलों होतों. बांधावर घाणेरी व वाळलें गवत माजलें होतें. सकाळचे अकरा वाजले होते. एक बादली पाणी व एक खराटा एवढ्या सामग्रीवर आम्हीं काडी लावली. पहिला अर्धा तास बांध नीट जळत होता. मग खालून वारा उठला. आग घाणेरींतून शेजाऱ्यांच्या पडींत, पडींतून त्यांच्या गंजीस, व गंजीवरून उडालेल्या ठिणग्यांनीं वरच्या माळास लागली. गांवच्या पंचवीस-तीस माणसांनीं हिरव्या डहाळ्यांनीं झोडपून ती सायंकाळीं वनाच्या हद्दीपाशीं कशीबशी अडविली. गंजींत भाताचा पेंढा व गवत मिळून त्या घरच्या तीन जनावरांची पावसाळ्यापर्यंतची वैरण होती.

दुसऱ्या दिवशीं पंचनामा झाला. 'आगीचें कारण' ह्या रकान्यांत 'अज्ञात' असें लिहिलें गेलें. शेजारी तेथें उभे होते. त्यांनीं आमचें नांव घेतलें नाहीं, व आम्हींहि तें आपण होऊन सांगितलें नाहीं. लोक पांगल्यावर ते एवढेंच म्हणाले, "भाऊसाहेब, वाऱ्याचं आम्हांला विचारायचं होतं." पुढील सुगीस आम्हीं त्यांस पेंढा भरून दिला; परंतु तोंपर्यंत मे महिन्यांत वैरणीवांचून त्यांनीं एक दुभती गाय विकली होती, ती कांहीं परत आली नाहीं. नोकरींत 'अज्ञात' हा शब्द आम्हीं कितीएक पंचनाम्यांच्या नकलांत स्वच्छ अक्षरांत उतरविला होता. त्या दिवसापासून तो लिहितांना आमचा हात अडखळूं लागला. पुढें दिलेल्या सूचनांपैकीं बहुतेक त्या रविवारीं आम्हीं न केलेल्या गोष्टींच्याच आहेत.

रेषेची पाहणी

जाळण्याच्या निदान तीन आठवडे आधीं सारी रेषा पायीं चालून पाहावी. गांवनकाशा बरोबर असावा, परंतु त्यावर विसंबूं नये. नकाशांत गट व हद्दी असतात, गंजी व मोहोळें नसतात. त्या शिवारांतील एखादा म्हातारा गुराखी बरोबर घ्यावा. वारा कोणत्या घळींतून वर चढतो हें त्याच्याइतकें कोणासच ठाऊक नसतें. चालतांना पुढील गोष्टी वहींत टिपून घ्याव्या :

(१) रेषेच्या जवळपासच्या गंजी, गोठे, कलमांच्या बागा, पीव्हीसी पाईप व ठिबकाच्या नळ्या. नळ्या ज्वाळेवांचून, नुसत्या आंचेनेंहि वितळतात.

(२) वरून जाणाऱ्या विजेच्या तारा. दाट धुरांतून वीज जमिनीकडे उतरूं शकते. म्हणून तारांखालीं जाळूं नये, नुसतें कापून झाडून घ्यावें.

(३) वठलेलीं व पोकळ झाडें. त्यांत शिरलेली ठिणगी धुराड्यांतल्याप्रमाणें वर चढते व उंचावरून दूर उडते.

(४) आग्या माशांचीं मोहोळें. धुरानें त्या उठल्या तर माणसें आग सोडून पळतील.

(५) पाणी भरण्याची जागा, व तेथून रेषेपर्यंत जाण्यायेण्यास लागणारा वेळ.

(६) प्रत्येक टप्प्यावरून सुटून जाण्याच्या वाटा. एक नव्हे, निदान दोन.

ही टिपणी झाली कीं ज्यांचीं शेतें रेषेस लागून आहेत त्यांस समक्ष भेटून दिवस कळवावा. गंजी हलवावयाची असेल तर स्वयंसेवकांनीं स्वतः हात लावून ती हलवून द्यावी; नुसता निरोप पाठवून भागत नाहीं.

कापणी व सफाई

दोन आठवडे आधीं कापणीस लागावें. वनरक्षकाच्या अनुमतीनें पट्ट्यांतील चांगलें गवत विळ्यानें कापून, भारे बांधून घरीं न्यावें. जें गवत गोठ्यांत गेलें तें आगीस मिळत नाहीं. आणि आग जितकी लहान तितकी ती माणसाचें अधिक ऐकते. ह्या कामांत भगिनींचा हात पुरुषांच्या पुढें असतो, हें आम्ही दरवर्षीं पाहतों.

त्यानंतर पट्ट्याच्या दोन्ही कडांस एकेक मीटर रुंदीची जागा कुदळीनें तासून, दांताळ्यानें ओढून व खराट्यानें झाडून माती दिसेपर्यंत साफ करावी. ह्या दोन कडा म्हणजे आगीच्या दोन्ही बाजूंच्या भिंती होत. पालापाचोळा नेहमीं आंतल्या बाजूस ओढावा. बाहेर ढकललेला पाचोळा पहिल्या ठिणगीस आयता सांपडतो. कडेजवळचें वाळलेलें शेण वेंचून पट्ट्याच्या मध्यभागीं टाकावें. तें कडेवर पेटलें तर वर राख दिसते व आंत निखारा धुमसत राहतो. पट्ट्यांत उभ्या असलेल्या हिरडा, ऐन, जांभूळ अशा झाडांच्या बुंध्यांभोंवतीं मीटरभर जागा साफ करावी, म्हणजे झाड भाजत नाहीं. उतार फार उभा असेल तेथें मुळींच जाळूं नये, कारण जळून उघडी पडलेली जमीन पावसानें ओघळते. तेथें कापणी व सफाई ह्यांवरच भागवावें. वाऱ्याच्या झोतानें पाचोळा उडविणारीं यंत्रें आतां वनखात्याजवळ आलीं आहेत. त्यांचा अशा जागीं चांगला उपयोग होतो.

फेब्रुवारींत पानगळ चालू असते. आठवड्यापूर्वीं झाडलेली कड जाळण्याच्या दिवशीं पुन्हां पानांनीं भरलेली असते. म्हणून त्या दिवशीं ती पुन्हां झाडावी. हें काम कंटाळवाणें आहे, आणि म्हणूनच तें राहून जातें.

माणसें

रेषेचा एकेक टप्पा सुमारें २०० मीटरांचा धरून आम्ही वनरक्षक मिळून चौदा जण घेतों. एक नायक, म्हणजे स्वतः वनरक्षक, दोन पेटविणारे, प्रत्येक कडेस चार ह्याप्रमाणें आठ राखणदार, दोन पाणी पुरविणारे, व एक टेहळ्या. टेहळ्यास उंच जागीं शिटी व मोबाईल देऊन उभा करावा. त्यानें आगीकडे पाहत बसूं नये. आगीकडे सर्वच पाहत असतात. त्यानें बाहेरच्या गवताकडे पाहावें, कारण चुकार ठिणगी तेथें पडते. एक लांब शिटी म्हणजे सर्वांनीं थांबावें, तीन तुटक शिट्या म्हणजे ठरलेल्या वाटेनें निघावें, ही खूण आदल्या दिवशींच सर्वांकडून वदवून घ्यावी.

आदेश एकाचाच चालावा. गांवांत ज्याचा मान मोठा तो रेषेवरहि मोठा असें समजूं नये. ज्यांस दमा अथवा हृदयविकार आहे त्यांनीं व गरोदर भगिनींनीं धुरांत येऊं नये. मुलांस व बघ्यांस दूर ठेवावें. दारू प्यालेला मनुष्य कितीहि कामाचा असला तरी त्यास घरीं पाठवावें. आमच्या वयाच्या माणसांनींहि पुढें होण्याची हौस धरूं नये. आम्ही स्वतः पाणी व नोंदवही एवढेंच काम पाहतों.

हत्यारें व पोशाख

कोयते, विळे, कुदळी, फावडीं, दांताळीं, खराटे हीं हत्यारें घरचींच असतात; त्यांचे दांडे घट्ट आहेत कीं नाहींत हें मात्र आदल्या दिवशीं पाहावें. जाड पानांच्या हिरव्या डहाळ्या कडेस जागोजाग ठेवाव्या. डहाळी उंच उचलून आपटूं नये, त्यानें ठिणग्या उडतात. ती आगीवर दाबून ओढावी. पाठीवरचा फवारा पंप फार उपयोगी पडतो, परंतु तो औषध फवारण्याचा असल्यास धुण्याच्या सोड्यानें तीन वेळां धुवावा. तणनाशकाचा पंप आणूंच नये.

अंगांत सुती व लांब बाह्यांचे कपडे असावे. नायलॉन, टेरिकॉट हीं कापडें आंचेनें वितळून कातडीस चिकटतात. धोतराचा सोगा व लुगड्याचा पदर खोंचून घ्यावा; सैल ओढणी काढून ठेवावी. पायांत कातडी जोडा असावा, रबरी चप्पल नसावी. डोक्यास मुंडासें किंवा टोपी, व तोंडास ओल्या पंचाची घडी असावी. पिण्याचें पाणी प्रत्येकीं दोन लिटर निराळें ठेवावें, व तहान लागण्याची वाट न पाहतां तें थोडें थोडें घेत जावें. भाजल्यास त्या जागीं पंधरा-वीस मिनिटें साधें थंड पाणी धरावें व नंतर दवाखाना गांठावा; तूप, हळद, दंतमंजन असें कांहींहि लावूं नये.

वारा, दंव व वेळ

डोंगरांत दिवसा ऊन चढूं लागलें कीं वारा उताराच्या वर जाऊं लागतो, व सूर्य मावळल्यावर थंड हवा खालीं उतरूं लागते. ह्या दोहोंच्या मध्यें कांहीं काळ हवा स्थिर असते. आमच्याकडे सायंकाळची अशी वेळ पसंत करितात. कारण सायंकाळीं लावलेल्या आगीच्या पुढें रात्र व दंव असतें, सकाळीं लावलेल्या आगीच्या पुढें दुपार असते. मात्र सायंकाळीं काम केलें तर रात्रींच्या राखणीची माणसें आधींच नेमलेलीं हवींत.

वारा पाहण्यास मूठभर वाळकी माती हातांतून सोडावी. ती सरळ पडली तर उत्तम, वाहूं लागली तर थांबावें. गवताची काडी वांकवून पाहावी : ती न मोडतां लवली तर ओल आहे, आग चालणार नाहीं, कट्कन तुटली तर गवत फार वाळलें आहे, दुप्पट सावध राहावें. शेवटीं, पट्ट्याच्या मध्यभागीं हातभर जागेंत नमुन्याची आग लावून ती कोणीकडे झुकते व ठिणग्या किती उडतात हें पाहावें.

सन २०२४ मध्यें ह्या नमुन्याच्या आगीनेंच आम्हांस परत धाडलें. माणसें जमलीं होतीं, पंप भरलेले होते, भाकऱ्या बांधून आणल्या होत्या. नमुन्याची आग एकाएकीं वरच्या अंगास झुकली व तिची एक ठिणगी मीटरभर कड ओलांडून पलीकडे पडली. वनरक्षक म्हणाले, "आज नाहीं." तरुण मंडळी कुरकुरली, व तें साहजिकच होतें, कित्येकांनीं त्या दिवसाची मजुरी बुडविली होती. आम्हीं २०११ ची आमची हकीकत त्या दिवशीं प्रथमच सर्वांसमक्ष सांगितली. सहा दिवसांनीं तेंच काम दोन तासांत निर्विघ्न पार पडलें.

ह्या 'आज नाहीं' ची किंमत काय, हें पाहावयाचें असेल तर अमेरिकेंतील न्यू मेक्सिको प्रांताकडे पाहावें. ता. ४ मे २००० रोजीं तेथील बँडेलियर ह्या राष्ट्रीय स्मारकांत सरकारी माणसांनींच ठरवून जाळ केला. तो वाऱ्यानें हाताबाहेर गेला व लॉस अलामॉस गांवांतील दोनशेंहून अधिक घरें जळालीं. तीं माणसें शिकलेलीं होतीं, त्यांच्यापाशीं यंत्रें होतीं. वाऱ्यास त्याचें कांहीं नसतें.

प्रत्यक्ष जाळणें

पेटविण्यापूर्वीं सर्वांनीं ओळ धरून, काठ्या वाजवीत पट्ट्यांतून एक फेरी मारावी, म्हणजे ससे, साप, सरडे निघून जातात. टिटवीची अंडीं किंवा एखादें पिल्लूं आढळल्यास ती जागा सोडावी. मग आग लावावी ती अशी कीं तिला वारा व चढ ह्यांच्या उलट सरपटत यावें लागेल. वारा खालून वर जात असेल तर वरच्या कडेनें पेटवावें. आडवा असेल तर तो ज्या टोंकाकडे वाहतो त्या टोंकापासून पेटवावें. वरून खालीं जोरानें येत असेल तर पेटवूंच नये. एका वेळीं दहा-पंधरा पावलेंच पेटवावें, व तें बसल्यावर पुढें सरकावें.

चढावर आग किती वेगानें धांवते ह्याची कल्पना सपाटीवरच्या शेतकऱ्यास नसते. खालची ज्वाळा वरचें गवत आधींच तापवून ठेवते. उतार दर १० अंशांनीं वाढला कीं आगीचा चढता वेग सुमारें दुप्पट होतो असा ठोकताळा आहे. ता. ११ मार्च २०१८ रोजीं तामिळनाडूंतील तेनी जिल्ह्यांत कुरंगणीच्या गवताळ डोंगरावर गिर्यारोहणास गेलेली मंडळी वणव्यांत सांपडली व वीसहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. म्हणून हा नियम प्रत्येकानें पाठ करावा : आगीच्या वरच्या अंगास कधींहि उभें राहूं नये, आणि सुटावयाचें झालें तर जळून निवालेल्या काळ्या जमिनीवर यावें, वाळल्या गवतांत शिरूं नये. जें एकदां जळलें तें पुन्हां जळत नाहीं.

वरच्या कडेचे राखणदार ह्या नियमास अपवाद वाटतील. परंतु त्यांच्यापुढील पट्टा आधीं जळून काळा झालेला असतो, व तोंवर ते साफ कडेच्या बाहेर, दोन्हीकडे वाट मोकळी ठेवून उभे असतात. ही तजवीज नसेल तर तेथें कोणासहि उभें करूं नये.

मागाहून राखण

ज्वाळा दिसेनाशी झाली कीं माणसें घराकडे पाहूं लागतात. खरा धोका त्याच वेळीं असतो. दोन्ही कडांपासून आंत दोन-तीन मीटरांत एकहि धूर राहतां कामा नये. बुंधे, मुळ्या, शेण, पोकळ लांकडें हीं एकेक करून पाहावीं. हाताची पालथी बाजू जवळ नेऊन ऊब लागते कीं काय हें अजमावावें. ऊब लागल्यास उकरून पाणी घालावें, ढवळावें, पुन्हां घालावें. नुसती माती लोटूं नये. मातीखालीं निखारा जिवंत राहतो.

ह्याचें एक उदाहरण वाचून आम्ही चकित झालों. त्याच न्यू मेक्सिकोंत सन २०२२ च्या जानेवारींत वनखात्यानें तोडलेल्या फांद्यांचे ढीग जाळले. वरून बर्फ पडलें. तरी आंतील निखारा जिवंत राहून एप्रिलांत वर आला. जवळच ६ एप्रिल रोजीं केलेला दुसरा एक ठरीव जाळ हाताबाहेर गेला होता. दोन्ही आगी पुढें एक झाल्या व ३,४१,००० एकरांहून अधिक प्रदेश जळाला. बर्फाखालीं जो निखारा तीन महिने जगतो, तो आमच्या मुठीभर मातीनें काय मरणार!

म्हणून दोन माणसें रात्रभर, दुसऱ्या दिवशीं दुपारीं वारा सुटण्यापूर्वीं सर्वांची एक फेरी, व तिसऱ्या दिवशीं आणखी एक फेरी, एवढी राखण झाल्यावांचून काम पुरें झालें असें वहींत लिहूं नये. वहींत दिवस, वेळ, वारा, माणसें व कोठें काय चुकलें हें लिहावें. पुढील वर्षीं दुसऱ्या कोणाचाहि सल्ला ह्या वहीइतका उपयोगी पडत नाहीं.

शेतकरी बंधूंनो, जाळरेषेस सरकारचें काम म्हणून बाजूस सारूं नये. वणवा वनाच्या हद्दीशीं थांबून सात-बाराचा उतारा मागत नाहीं. तो वनांतून शेतांत व शेतांतून वनांत सारखाच येतो. आपल्या गांवच्या रेषेवर ह्या माघांत दोन दिवस द्यावे, आणि आपल्या बांधावर काडी ओढण्यापूर्वीं शेजाऱ्यास वाऱ्याचें विचारावें. एवढें झालें तर पंचनाम्यांतील त्या रकान्यांत कांहीं लिहिण्याची वेळच पुष्कळदां येणार नाहीं. आमच्या बाबतींत त्या रकान्यांत जें लिहावयास हवें होतें, तें आम्हीं आज येथें लिहिलें आहे.